भाऊसाहेबांच्या हयातीचा संदर्भ

आपण वारलो आहोत हे गेणूभाऊंना समजलं, तेव्हा त्यांच्या पायांतल्या चपलासुद्धा निघाल्या नव्हत्या.

येडगावला बहिणीकडे आठवडाभर राहून ते आणि ठकूबाई नुकतेच घोडेगावला परतले होते. तिकडे जायचं कारणही इंटरनेटच. रस्ता रुंद करताना कुणाच्या तरी जेसीबीनं टेलिफोनची केबल उखडली आणि फोनबरोबर ब्रॉडबँडही बंद पडलं. भाऊ दोन दिवस बंद कॉम्प्युटरसमोर नुसते बसून राहिले. शेवटी ठकूबाई म्हणाल्या, "त्या डबड्याकडं बगत बसन्यापरीस चला, सरूवन्संकडं जाऊन येऊ." आज परत आल्या आल्या भाऊंनी पिशवी उंबऱ्यातच टाकली, फोन उचलून पाहिला, सूर आला, आणि तसेच कॉम्प्युटरवर जाऊन बसले.

पडद्यावर ज्ञानकोशातलं त्यांचं स्वतःचं पान उघडलं. वर समईचं चित्र होतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'भावपुर्ण श्रद्धांजली'.

"अरेरेरे!" भाऊ कळवळले.

"काय झालं वो?" ठकूबाईंनी आतून विचारलं.

"पूर्णमधला पू ऱ्हस्व काढलाय!"

मग त्यांनी खाली नाव वाचलं.

भाऊ पंचायत समितीतून निवृत्त झालेले. त्यांच्या टेबलावरून एकही फाइल पहिल्या फेरीत पुढं गेली नाही, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलानं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि इंटरनेटवरचा मराठी ज्ञानकोश दाखवला. तिथं कुणीही लेख लिहावा आणि कुणीही कुणाच्या चुका दुरुस्त कराव्यात. भाऊंचा विश्वासच बसेना. आयुष्यभर ज्या कामाचा पगार घेतला, ते इथं फुकट करायला मिळत होतं! तेव्हापासून कुणी काहीही लिहिलं, की भाऊ तिथं 'संदर्भ हवा' अशी पाटी लावत. पाटीला उत्तर आलं नाही, की मजकूर उडवत. कोशात नियमानं लिहिणारी माणसं डझनभरच. एकमेकांची तोंडं कुणी पाहिली नव्हती, पण भाऊंशी भांडण झालं नाही असा त्यांत कुणी उरला नव्हता.

आणि आता तीच माणसं ओळीनं रडत होती.

'भाऊसाहेबांनी माझा पहिला लेख उडवला तेव्हा मी जेवलो नव्हतो. आज पुन्हा जेवलो नाही,' असं सह्यपुत्र या नावानं लिहिणाऱ्यानं लिहिलं होतं. हा बंगळुरात नोकरी करायचा आणि कोशाचा प्रचालक म्हणून कारभार पाहायचा. दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, 'ज्ञानकोशाचा कणा मोडला.' तिसऱ्यानं तर भाऊंना थोर स्वातंत्र्यसैनिक करून टाकलं होतं. भाऊंचा जन्म पंचेचाळीस सालचा.

ठकूबाई पदराला हात पुशीत येऊन मागं उभ्या राहिल्या. "कोन गेलं?"

"मी."

"शुभ बोला की वो!"

"ओतूरच्या चेतनानं बातमी दिलीय. वाच." मग बायकोला चष्मा नाही हे आठवून त्यांनीच मोठ्यानं वाचलं, "'कळवण्यास अत्यंत दुःख होते की आपले गेणू भाऊसाहेब सोमवारी गेले. त्यांच्या पत्नीही त्यांच्यासोबतच गेल्या.'"

"म्या बी?" ठकूबाई खाटेवर बसल्या. त्यांनी क्षणभर विचार केला. "आन माजं नाव?"

"नाव नाही घातलेलं."

"चाळीस वर्सं संसार केला, तुमच्यासंगं मेले बी, तरी नुसतं 'पत्नी'? लई झालं बाई!"

खरं तर भाऊंनी तेव्हाच 'मी जिवंत आहे' असं लिहून टाकायचं. पण मन होईना. पंचायत समितीच्या निरोपसमारंभात त्यांच्याबद्दल दोन वाक्यं बोलली गेली होती आणि त्यांतलं एक भेट दिलेल्या घड्याळाविषयी होतं. इथं माणसं भरभरून लिहीत होती. भाऊ चहा घेऊन पुन्हा पडद्यासमोर बसले.

"आवो, सांगा की त्यास्नी आता."

"सांगतो. अजून कोल्हापूरच्या प्राचीचं यायचंय."

"आता काय तेराव्यापत्तोर थांबताय?"

भाऊ कदाचित थांबलेही असते. पण तो 'पुर्ण' त्यांना सुखानं मरू देईना. डोळे दुसरीकडं वळवले तरी तोच दिसे. शेवटी त्यांनी आपल्या नावानं आत शिरून गुपचूप पू दीर्घ केला आणि पान जतन केलं.

बंगळुरात सह्यपुत्राच्या पडद्यावर ओळ उमटली: 'गेणू घोडेगावकर यांनी बदल केला.' मयताच्या खात्यातून, मयताच्याच श्रद्धांजलीत! तो एक घोट पाणी प्यायला आणि त्यानं प्रचालकाचं कर्तव्य बजावलं. भाऊंच्या पडद्यावर लाल चौकट आली: 'दिवंगत सदस्याच्या खात्यात कुणीतरी शिरलेले दिसते. त्यांच्या स्मृतीचा मान राखून हे खाते तडीपार करण्यात येत आहे.'

तडीपार माणसाला कोशात कुठंच लिहिता येत नसे. फक्त स्वतःच्या चर्चापानावर बाजू मांडायची तेवढी मुभा असे. भाऊंनी तिथं लिहिलं, 'मी जिवंत आहे.'

थोड्याच वेळात त्या वाक्यापुढं एक छोटी पाटी येऊन बसली. 'संदर्भ हवा.'

भाऊ पाटीकडं पाहत राहिले. पाटी अगदी योग्य जागी लागली होती. खाली सह्यपुत्रानं नियमही दिला होता: 'ज्याच्याविषयी मजकूर आहे, त्याने स्वतःच दिलेली माहिती ग्राह्य धरू नये. त्रयस्थ व विश्वासार्ह स्रोत द्यावा.' हा नियम भाऊंनीच लिहिलेला. एका कवीनं स्वतःच्याच लेखात स्वतःला महाकवी म्हणवून घेतलं होतं, तेव्हा.

"मंग म्या सांगते की," ठकूबाई म्हणाल्या. "लिवा, बायको सोता बगतीय म्हनावं."

"तू त्रयस्थ नाहीस. शिवाय तूही गेलेली आहेस."

भाऊंना एकदम पेन्शनीचा हयातीचा दाखला आठवला. दरवर्षी बँकेत जाऊन ते जिवंत असल्याची सही करून येत. त्यांनी तो दाखला, तारखेसकट, चर्चापानावर नमूद केला. उत्तर आलं: 'सदर दाखला नोव्हेंबरचा आहे. आता मे चालू आहे. नोव्हेंबरमध्ये भाऊसाहेब हयात होते, याबद्दल कुणाचीच हरकत नाही.'

"पोरगं हुशार आहे," भाऊ हताशपणे म्हणाले. "मीच तयार केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उतरले. त्यांच्यामागं डोईवर पदर घेतलेली तिशीतली बाई होती. भाऊ दारातच दात घासत उभे होते. पाहुण्यांनी त्यांच्यासमोर हात जोडले आणि मान खाली घातली.

"लई वाईट झालं, पावणं. मी दलीचंद, ओतूरचा. भांड्यांचं दुकान हाय आमचं. ही आमची सूनबाई, चेतना. भाऊसाहेबांची न् हिची कॉम्प्युटरवरची ओळख. तुमी त्यांचे भाऊ का?"

भाऊंच्या तोंडात पेस्ट. त्यांनी नुसतीच मान हलवली.

"तरीच तोंडावळा जुळतोय," दलीचंद म्हणाले. "हाल न्हाई ना झाले शेवटी?"

भाऊंनी घाईघाईनं चूळ भरली. "अहो शेठ, मीच गेणू!"

तेवढ्यात ठकूबाई हिरवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून बाहेर आल्या. "कोन आलंय वो?"

दलीचंद एक पाऊल मागं सरले. "आन ह्या?"

"या सोबत गेलेल्या पत्नी," भाऊ म्हणाले. "या, आत या. चहा घेऊ."

चेतनाच्या हातातली हाराची पुडी तशीच राहिली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. आत गेल्यावर तिनं सगळं सांगितलं. तिच्या एका लेखावरून कोशात भांडण झालं होतं आणि त्याच्या शेवटी भाऊंनी लिहिलं होतं, 'आता मी थकलो. पुढचं तुम्ही पाहा.' त्यानंतर काहीच नाही. एरवी सूर्य उगवायच्या आत चूक काढणारा माणूस गप्प! तिनं फोन लावला, तर आतून बाई बोलली, हा नंबर अस्तित्वात नाही.

"मग मी पप्पांना म्हटलं, घोडेगावात कुणाला तरी विचारा."

"मी आपल्या किराणावाल्या पावण्याला फोन केला," दलीचंद म्हणाले. "म्हनलं, भाऊसाहेब कसे हायेत? तो म्हनला, 'गेले की सोमवारी. मीच पोचवून आलो.' मी म्हनलं, असं एकाएकी? तर म्हनला, 'घरात जीवच रमंना त्यांचा.' मी म्हनलं, आन बाई? तर म्हनला, 'त्या बी गेल्या संगट.' आता सांगा, मी काय समजायचं?"

"अवो, स्टँडवर पोचवलं व्हतं त्यांनी!" ठकूबाई म्हणाल्या. "एश्टीत बॅगा चढवून दिल्या!"

दलीचंदांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चेतना खाली मान घालून म्हणाली, "चुकलंच माझं, भाऊसाहेब. खात्री न करता लिहिलं. तुम्ही एवढं सांगूनसुद्धा."

भाऊ रागावणार होते. गेली दोन वर्षं तिच्या प्रत्येक लेखावर ते रागावतच आले होते. पण ती पुढं म्हणाली, "दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा लिहिते मी. घरात कुणाला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही चुका काढायचात, पण माझी ओळन् ओळ वाचायचात. आठवडाभर कुणी चूकच काढली नाही, तर लिहावंसंच वाटेना."

भाऊंनी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

"चला," ते म्हणाले. "आता तू त्रयस्थ. तू लिही, मी समक्ष पाहिलं म्हणून."

चेतना भाऊंच्या कॉम्प्युटरवर बसली, आपल्या नावानं आत शिरली आणि तिनं लिहिलं, 'भाऊसाहेब सुखरूप असून आत्ता माझ्यासमोर चहा पीत आहेत.' सगळे पडद्याकडं पाहत राहिले. लाल चौकट आली. मयत सदस्याचं खातं आणि हे खातं एकाच कॉम्प्युटरवरून चालत असल्याचं सह्यपुत्राला दिसलं होतं. एकाच माणसानं दोन नावांनी लिहिणं हा कोशात मोठा गुन्हा. चेतनाही तडीपार झाली.

"त्याचा फोन नंबर हाय का कुनाकडं?" दलीचंदांनी विचारलं. चेतनाकडं होता. दलीचंदांनी मोबाइल काढला आणि उधारीवाल्याशी बोलायच्या आवाजात सुरुवात केली, "हॅलो! मी दलीचंद, ओतूर. माज्या सुनेला तडीपार करनारा तूच का? मयत माज्याफुडं बसलाय आन बिस्कुट बुडवतोय! घे, बोल त्याच्याशी."

भाऊंनी फोन कानाला लावला. "हॅलो. मी गेणू."

पलीकडून एक कोवळा आवाज म्हणाला, "माफ करा, पण मी भाऊसाहेबांचा आवाज कधी ऐकलेला नाही. त्यामुळं आवाज हा पुरावा होत नाही."

"बरोबर आहे," भाऊ म्हणाले. "पण तुझी ती लाल चौकट. त्यात 'करण्यात येत आहे' लिहिलंयस. कोण करतंय? तू करतोयस ना? मग 'मी करत आहे' असं लिहायला काय होतं? तीस वर्षं मी हेच लिहून लोकांची कामं अडवली. तू तरी नको लिहूस."

पलीकडून हुंदका ऐकू आला. "भाऊसाहेब! तुम्हीच!"

"रडू नकोस. नाव काय तुझं?"

"सह्यपुत्र."

"आईबापांनी ठेवलेलं."

"बहिरू," तो लाजून म्हणाला. "गाव जुन्नरकडचंच आहे माझं."

"मग बहिरू, सुट्टीत आलास की घरी ये जेवायला. आधी माझ्या पोरीला मोकळं कर. माझं नंतर बघ."

दोघंही मोकळी झाली. दलीचंद आणि चेतना जेवूनच निघाले. निघताना दलीचंद ठकूबाईंना म्हणाले, "वैनी, माफी असावी. फुडच्या वेळी नीट चौकशी करून येऊ." गल्लीचं वळण घेताना चेतनानं जीपमधून हात केला.

संध्याकाळी भाऊंनी पान उघडलं. बहिरूनं कर्तव्याला जागून श्रद्धांजलीचं पान हटवण्याचा प्रस्ताव मांडला होता, कारण मजकूर निराधार. खाली मतं पडत होती. 'हटवा. संदर्भ नाही.' 'हटवा. नियम स्पष्ट आहे.' प्राचीनं लिहिलं होतं, 'हटवा. भाऊसाहेब असते तर त्यांनी हेच केलं असतं,' आणि मग 'असते तर' खोडून 'आहेत' केलं होतं. नियमाप्रमाणं सगळे बरोबर होते. भाऊंनीच त्यांना तसं शिकवलं होतं.

भाऊंनी ते पान वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचलं. कोशात आल्यापासून त्यांनी कुठल्याही पानाला 'ठेवा' म्हटलेलं नव्हतं. आज त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'ठेवा. संदर्भ यथावकाश सादर करीन.'

ठकूबाई मागं येऊन उभ्या होत्या. "काय लिवलं?"

"काही नाही. थोडी मुदत मागितली."

ठकूबाईंनी पडद्यावरच्या त्या ओळीकडं निरखून पाहिलं. "एकट्याची मागितली, का दोगांची?"

भाऊंनी कीबोर्ड पुन्हा जवळ ओढला.