मिस मर्टलचा फोटो

फेरल सग्ज रोज सकाळी डेलाच्या खाणावळीत ठरलेल्या टेबलावर बसून ग्रेव्हीत बुडवलेली, पावासारखी मऊ बिस्किटं खायचा, आणि रोज समोरच्या भिंतीवरून सासूबाई त्याच्याकडे बघायच्या. कयाक नावाच्या छोट्या होड्यांच्या क्लबच्या वसंतातल्या स्पर्धेत जो सर्वांत लांब बास मासा पकडेल, त्याचा फोटो वर्षभर तिथे लागत असे. गेल्या वर्षी सासूबाईंचा लागला; गावात सगळे त्यांना आदरानं मिस मर्टल म्हणत. टेबल बदलणं म्हणजे हार मानणं. म्हणून फेरलनं फोटोच बदलायचं ठरवलं.

"माझी आई आहे ती," बायको डार्ला म्हणाली. "तिच्यासमोर खायला काय होतं तुला?"

"घास उतरत नाही."

एप्रिलमध्ये बास अंडी घालायला काठाशी येतात. तळाची माती झाडून घरटं करतात आणि त्यात काही पडलं की चवताळून धावतात. यंदाच्या स्पर्धेच्या दिवशी तळ्याच्या एका कोपऱ्यात फेरलनं असं घरटं हेरलं. वर चांगली हातभर मादी होती. आमिष पडताच तिनं झडप घातली, आणि फेरलनं तिला कयाकमध्ये घेतलं. मासा मोजपट्टीवर ठेवायचा, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा, असा क्लबचा नियम. फोटो नाही, तर मासाही नाही. फेरलनं फोन काढला. मासळीनं शेपटीचा फटका दिला आणि फोनसकट पाण्यात गेली.

फोन पडला तो बरोबर घरट्यात. पाणी जेमतेम गुडघाभर आणि नितळ. फेरलनं हात घातला, तर परतलेली मासळी बोटाला कडकडून चावली. तेवढ्यात फोनचा पडदा उजळला. डार्लानं रोजची आठवण लावून ठेवली होती : 'आईला फोन कर.' मासळीनं त्यावरही धडक मारली. फेरलला तिच्याबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

ती रागात आहे तोवर त्यानं पुन्हा आमिष सोडलं, आणि ती पुन्हा गळाला लागली. तिला जाळीत घालून पाण्यात ठेवलं आणि फोन उचलला. तेवढी एक आठवण करून देऊन फोननं प्राण सोडला होता. जवळपास एकच कयाक दिसत होती. अडला हरी कुणाचे पाय धरतो ते सर्वांना ठाऊक आहे. फेरलनं सासूबाईंना हाक मारली.

"मिस मर्टल, जरा इकडे येता का?"

"बुडालास की काय?"

"मी नाही. फोन बुडाला."

मिस मर्टल सावकाश वल्हवत आल्या आणि जाळीत डोकावल्या. "माझ्या आजच्या माशापेक्षा चार बोटं मोठी आहे रे. म्हणजे मी फोटो काढला, तर माझाच फोटो भिंतीवरून उतरणार."

"हो."

"आणि नाही काढला, तर तू वर्षभर दर रविवारी माझ्या घरी तोंड पाडून चिकन खाणार."

"तेही खरंच."

"आण बाबा इकडे. पण नियम माहीत आहे ना? दुसऱ्याच्या फोनवर काढला, तर साक्षीदारही फोटोत लागतो."

"चालेल की," फेरल घाईनं म्हणाला. मिस मर्टलनी त्याच्याकडे पाठ केली, केस सारखे केले आणि फोन हातभर पुढे धरला.

फेरल जिंकला. सोमवारी खाणावळीतला जुना फोटो उतरला आणि नवा चढला. त्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत मिस मर्टल होत्या, मागे मोजपट्टीवरची मासळी होती, आणि मासळीच्या मागे फेरलची टोपी. जुन्या फोटोत त्या निदान दूर तरी होत्या.

फेरल उठला आणि भिंतीकडे पाठ करून त्याच टेबलाच्या समोरच्या खुर्चीत बसला. बऱ्याच महिन्यांनी पहिला घास सुखानं उतरला. दुसरा तोंडात घालणार, तोच त्यानं रिकामी केलेली खुर्ची कुणीतरी ओढली.

"बरं केलंस ही खुर्ची सोडलीस," मिस मर्टल ऐसपैस बसत म्हणाल्या. "इथून फोटो छान दिसतो. मी आता रोज न्याहारीला इथेच येणार आहे."