मूलपेशींची नेमणूक

आमच्या संस्थेतल्या मूलपेशींनी हृदयाचे स्नायू व्हायला नकार दिला, आणि तो रीतसर, विभागप्रमुखांमार्फत कळवला.

यात बुडाल्या त्या डॉ. रेवती घोरपडे. अकरा वर्षं त्या इथे हंगामी होत्या. बशीतल्या पेशी धडधडू लागल्या की तुम्हाला कायम करू, असं संचालक डॉ. टिळेकर दर वर्षी सांगत. आता पेशी धडधडायलाच तयार नव्हत्या.

मूलपेशी म्हणजे अजून काहीच न झालेली पेशी. योग्य खाद्य मिळालं की ती हृदय होते, मेंदू होते, कातडीही होते. तिच्या खाली दुसऱ्या पेशींचा पोषक थर पसरतात. त्या पेशींना आधी औषध देऊन त्यांची वाढ बंद करतात. मग त्या स्वतः वाढत नाहीत, नुसत्या वरच्यांना पोसतात. ही पद्धत सगळीकडे आहे. आमच्याकडे ती बशीपुरती राहिलेली नाही, एवढंच.

समिती बसली. प्रशासन अधिकारी सावळेकरांनी विषयपत्रिकेत ‘मूलपेशी’ वाचलं आणि त्यांना पाझर फुटला. “मुलांच्या कलानं घ्यावं,” ते म्हणाले.

“इथे मूल म्हणजे मूळची. लेकरू नव्हे,” रेवतीबाई म्हणाल्या.

“असेल मॅडम. पण आमच्या धाकट्याला मी जबरदस्तीनं इंजिनिअर केला. अजून घरी बसलाय.”

यावर समिती हळहळली. अकरा वर्षांत रेवतीबाईंसाठी ती एकदाही हळहळली नव्हती, हे मी स्वतः पाहिलं आहे. बशी इनक्युबेटरमधून काढून टेबलावर, चिवड्याच्या प्लेटशेजारी ठेवली गेली.

“काय व्हायचंय, बाळांनो?” टिळेकरांनी विचारलं.

“संचालक,” पेशी म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. पात्रता तपासायचं ठरलं.

“अनुभव?”

“कसलाच नाही.”

“विषय?”

“अजून ठरलेला नाही.”

“आजवर घेतलेले निर्णय?”

“हाच पहिला. आणि तो नकाराचा आहे.”

टिळेकर मार्चमध्ये निवृत्त होणार होते. “मी आलो तेव्हा अगदी असाच होतो,” ते म्हणाले.

“सर, मग धडधडायचं कोणी?” रेवतीबाईंनी विचारलं. “लोक हृदयासाठी थांबलेत.”

“त्यांना कळवू. संचालकांची सही झाली की.”

एप्रिलमध्ये बशी खुर्चीत बसली. तिला सोसावं म्हणून केबिनमध्ये हीटर लावला. भेटायला येणारे घाम पुसत उभे राहतात आणि साहेब फार शांत आहेत असं बाहेर सांगतात. ते खरंच आहे.

पुढच्याच आठवड्यात सावळेकर पेढे घेऊन प्रयोगशाळेत आले. “अभिनंदन मॅडम. कायम झालात. नव्या साहेबांनी स्वतः मागून घेतलंय तुम्हाला.”

“कोणत्या पदावर?”

“पोषक थर.”

रेवतीबाईंनी पेढा घेतला.

“एक अडचण आहे,” सावळेकर संकोचून म्हणाले. “रुजू होण्याआधी ते वाढ बंद करायचं औषध घ्यावं लागतं. नियम आहे.”

“त्याची गरज नाही,” रेवतीबाई म्हणाल्या. “ते इथे आल्यापासून चालू आहे.”

सावळेकरांनी ‘औषध पूर्वीच दिलेले’ असा शेरा मारला आणि त्या त्याच दुपारी रुजू झाल्या.