भिंती बघणाऱ्या साळवे मॅडम

कुणाच्या घरी गेलं की माणूस आधी घरच्यांकडे बघतो, निदान बघितल्यासारखं करतो. डॉ. वत्सला साळवे भिंतीकडे बघतात. त्यातही बाथरूमला लागून असलेल्या. तिथे काळपट-हिरवा डाग दिसला की त्यांचा चेहरा असा काही उजळतो, की घरच्यांना वाटावं बाईंना आपले नवे पडदे आवडले. मग त्या नाक भिंतीला लागेल इतक्या जवळ जातात आणि म्हणतात, "वा! काय छान आलीये हो!"

आलेली असते ती बुरशी.

मॅडम ठाण्याच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि बुरशीवर संशोधन करतात. मी तिथेच हेडक्लार्क. डोंबिवली पश्चिमेला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, त्या वर आणि मी खाली. म्हणजे त्यांचा ताप मला दोन्हीकडे, आणि पगार मात्र एकीकडचाच.

खरं तर त्यांची बुरशी प्रयोगशाळेत सुखाने नांदत होती. घोळ केला तो विद्यापीठाच्या परिपत्रकाने. संशोधकांनी चार भिंतींबाहेर पडावं, सामान्य जनतेशी संवाद साधावा, आणि अहवालाला जागेची नोंद असलेले पाच जिओटॅग फोटो, हजेरीपत्रक व अभिप्राय जोडावेत. आमच्या प्राध्यापकांनी शेवटची ओळ आधी वाचली, त्यामुळे वरच्या ओळी वाचायची गरज उरली नाही. फिजिक्सच्या सरांनी कॉलेजच्या गेटवर बॅनर लावला, वॉचमन, कँटीनवाले अण्णा आणि चार विद्यार्थी अशी सामान्य जनता समोर उभी केली, पाच फोटो काढले. अकरा मिनिटांत संवाद आटोपला. त्यातली सहा बॅनरची दोरी बांधण्यात गेली. पुढच्या आठवड्यात त्याच बॅनरवर कागदाची पट्टी चिकटवून इतिहास विभागाने जनतेशी संवाद साधला. जनता तीच होती. अण्णांनी दोन्हीकडे 'अतिशय उपयुक्त' असा अभिप्राय दिला.

साळवे मॅडमनी परिपत्रक अथपासून इतिपर्यंत वाचलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलोय, परिपत्रक पूर्ण वाचणारा माणूस ऑफिसला परवडत नाही.

दुसऱ्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या बोर्डावर, पाणीकपातीच्या सूचनेशेजारी, सुवाच्य अक्षरात कागद लागला : 'तुमच्या भिंतीवर कोण राहतं? मोफत बघून सांगेन. डॉ. साळवे, ३०२.'

आता डोंबिवलीत भिंतीची ओल म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथे ओल हा जीवशास्त्राचा विषय नाही, तो वरच्या मजल्याचा गुन्हा आहे. संध्याकाळपर्यंत मॅडमकडे सात कुटुंबं येऊन गेली. सगळ्यांना विज्ञानाची एकदम गोडी लागली होती. पहिले होते आमच्या शेजारचे कुलकर्णी काका. त्यांच्या वर राहणाऱ्या म्हात्रे वहिनींशी त्यांचं बाथरूमवरून चार वर्षं बोलणं बंद होतं.

मॅडम साडीच्या दुकानाच्या पिशवीतून मायक्रोस्कोप घेऊन आल्या. मी साक्षीदार म्हणून हजर होतो, कारण काकांना साक्षीदार हवा होता.

"मॅडम, फक्त एवढंच लिहून द्या," काका म्हणाले, "की ही बुरशी वरून आली. कॉलेजच्या लेटरहेडवर."

"वरून नाही हो आली. हवेतून आली. ती सगळीकडे असते. तुमच्या उशीत पण असेल."

"म्हणजे म्हात्र्यांच्या उशीतून आमच्या उशीत?"

मॅडमनी त्यांचं डोकं धरून मायक्रोस्कोपवर टेकवलं. काकांनी एक डोळा मिटला. "हे म्हात्र्यांचंच ना?" असं एकदा विचारलं. मग डोळा बदलून बघितलं. मग म्हणाले, "अगं ए, इकडे ये. फांद्या आहेत गं याला. शेंड्यावर मणी लावल्यासारखे."

काकू आल्या, नव्वदीच्या आजी आल्या, आणि आरडाओरडा कसला चाललाय ते बघायला खुद्द म्हात्रे वहिनी खाली आल्या. "मॅडम, खरा सांगा हां," त्या दारातूनच म्हणाल्या, "मना राग नाय येवाचा." त्यांनाही मॅडमनी बघायला लावलं. चार वर्षांनी दोन्ही घरं एका खोलीत उभी होती, आणि भांडायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी आलं.

इथे थांबल्या असत्या तर त्या साळवे मॅडम कसल्या! त्यांनी रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. काचेच्या बशांमध्ये प्रत्येक घरची बुरशी वाढवलेली, आणि शास्त्रीय शिस्तीप्रमाणे प्रत्येक बशीवर चिठ्ठी : '२०४, बेडरूम, पूर्वेची भिंत.' गर्दी तर अशी लोटली की गणपतीतही तेवढी होत नाही. लोकांना विज्ञान आवडत नाही असं कोण म्हणतं? शेजाऱ्याच्या घरातलं विज्ञान असेल तर लोक रांग लावून बघतात. "आमची पांढरी आहे, त्यांची बघा, काळीकुट्ट," अशा अभिमानाच्या गोष्टी माझ्या कानावर आल्या. तेवढ्यात आमच्या चेअरमनचा फ्लॅट विकत घ्यायला आलेलं जोडपं लिफ्ट चुकून, 'चारशे दोन कुठे?' विचारत हॉलमध्ये शिरलं. मॅडम त्यांना हौसेने म्हणाल्या, "चारशे दोन ना? या, या! सगळ्यात जोमदार तुमचीच आहे."

जोडप्याने फ्लॅट घेतला नाही. त्याच रात्रीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की सोसायटीच्या आवारात यापुढे विज्ञान होऊ नये.

कॉलेजातही कौतुक झालं नाही. प्राचार्यांनी फोटो बघून विचारलं, "बॅनर कुठाय? पाहुणे कुठायत?" अहवालात 'लोक काय शिकले' या रकान्यात मॅडमनी 'सांगता येत नाही' असं लिहिलं होतं. शेजारी हाताने एक नवा रकाना आखला होता, 'मी काय शिकले'. त्यात पहिली नोंद : 'कुलकर्णी आजी लोणच्याच्या बरणीला आतून हिंगाची धुरी देतात. बुरशी येत नाही म्हणतात. मला ठाऊक नव्हतं. तपासायला हवं.' प्राचार्य मला म्हणाले, "सावंत, आपली डॉक्टरेट झालेली बाई लोणच्याच्या बरणीकडून शिकते, हे विद्यापीठाच्या समितीला कसं दाखवायचं?"

त्यानंतर मॅडम सोसायटीबाहेर भिंती शोधू लागल्या. कोपरच्या जुन्या चाळी, तळमजल्याच्या खोल्या. गेल्या महिन्यात समिती येणार म्हणून मी त्यांचं भेटींचं रजिस्टर तपासायला घेतलं आणि मला मनापासून आनंद झाला. एकच पत्ता दर गुरुवारी : 'परब आजी, कोपर.' एकतीस गुरुवार. आणि पहिली नोंद सोडली तर नमुन्याच्या जागी प्रत्येक वेळी 'बुरशी नाही'. म्हटलं, चला, शेवटी मॅडमही आपल्यातल्याच निघाल्या. खोट्या भेटी लिहायला शिकल्या.

प्राचार्य म्हणाले, जाऊन पडताळणी करा. गुरुवारी मी हाफ डे टाकला आणि पाचच्या सुमाराला कोपरला पोचलो.

खोली लहान, पण लख्ख. भिंती नव्याने रंगवलेल्या, डागाचं नाव नाही. परब आजी खाटेवर बसल्या होत्या. मी कॉलेजातून आलोय, मॅडमच्याच बिल्डिंगमध्ये राहतो म्हटल्यावर त्यांनी मला बसवलं आणि स्वतः उठून, पितळी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन, कपाटामागच्या कोपऱ्यावर शिंपडलं. दोनदा. नीट, तुळशीला घालावं तसं.

मी बघतच राहिलो. "आजी, हे काय?"

"तुम्ही बोलू नका हां त्यांना," आजी खाली बसत म्हणाल्या. "मुलाने दिवाळीला रंग काढून दिला. ओल गेली. मी म्हटलं, बाई, आता कशाला दगदग करता? तर तोंड एवढंसं झालं त्यांचं. आई गेली ना त्यांची. सहा वर्षं अंथरुणाला होती, सगळं ह्यांनीच केलं. आता कॉलेज सुटलं की घरी जायचं कशाला, म्हणतात. मग मीच म्हटलं, थांबा, त्या कोपऱ्यात अजून वाटतेय थोडी."

मॅडमच्या आई गेल्या तेव्हा सोसायटीतर्फे मी हार नेला होता. अंथरुणाला होत्या हे माहीत होतं. सहा वर्षं, हे नव्हतं.

"तुम्ही शेजारीच राहता ना?" आजींनी विचारलं. "मग तुमच्याकडे येत असतील चहाला."

मी खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

तेवढ्यात मॅडम आल्या. मला बघून दचकल्या. सरळ कोपऱ्यात गेल्या, भिंतीला बोट लावलं, बोटाचा वास घेतला. इतकी वर्षं ज्यांनी ओल सोडून काही बघितलं नाही, त्यांना तांब्यातलं पाणी कळणार नाही? त्यांनी क्षणभर आजींकडे बघितलं.

"आहे अजून," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी बघावं लागेल."

"बघावंच लागेल," आजी म्हणाल्या. "आता चहा टाका. साखर वरच्या फळीवर आहे."

निघालो तेव्हा सहा वाजले होते. कोपरहून घरापर्यंत आम्ही चालतच आलो. मॅडम रस्ताभर पिशवी या हातातून त्या हातात घेत होत्या. रजिस्टरचं काय होणार या काळजीत असाव्यात. बिल्डिंगच्या गेटपाशी मी म्हटलं, "पडताळणी झाली मॅडम. तुमच्या नोंदी बरोबर आहेत."

त्यांनी मान डोलावली आणि जिन्याकडे वळल्या.

"मॅडम, रविवारी आमच्याकडे या ना."

त्या थांबल्या. त्यांची नोटीस लागली तेव्हा 'आमच्याकडे तसलं काही नाही' म्हणून दारातूनच त्यांना वाटेला लावणारा मीच होतो.

"तुमच्याकडे? ओल आहे?"

आमच्याकडे मार्चमध्येच वॉटरप्रूफिंग झालंय. दहा वर्षांची गॅरंटी आहे.

"किचनच्या मागे," मी म्हटलं. "बरीच आहे."