कापगते सरांची गर्दी

कापगते सर सिनेमा पाहतात, पण त्यातला हिरो त्यांना कधी दिसतच नाही. हिरॉईनही नाही. सारं लक्ष मागे उभ्या असलेल्या माणसांवर. हॉटेलातला वेटर, वरातीत नाचणारे, कोर्टात बाकावर बसलेले, भाजी घेणाऱ्या बाया. "हिरोले पाहायले सारी दुनिया बसली हाये जी," ते म्हणतात. "मागच्याले कोण पायते?"

सर आमच्या सानगडीच्या शाळेत गणित शिकवतात. मी मराठी. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघं आणि विज्ञानाचे हटवार सर असे तिघं शिक्षकखोलीत बसतो. टपरीवरून तर्रीपोहे येतात आणि सिनेमावर चर्चा सुरू होते. हटवार सर तरुण आहेत. आठवड्याला चार नवे सिनेमे पाहतात आणि फ्रेम, लाइटिंग असं बरंच काही बोलतात. मी जुन्यांच्या बाजूची. मला गोष्ट लागते, आणि शेवटी दोन थेंब रडू आलं पाहिजे. कापगते सर दोघांचं शांतपणे ऐकून घेतात, पोह्यातली मिरची बशीच्या काठाला लावतात आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "ते सारं ठीक हाये. पण मागे पाहा, मागे!"

एकदा मी एका जुन्या कौटुंबिक सिनेमातल्या आईच्या मरणाबद्दल अगदी गहिवरून बोलत होते. सर म्हणाले, "मॅडम, त्या मयतीत डावीकडून तिसरा मिशीवाला पाहिला?"

"नाही."

"थोच सुरुवातीले वरातीत नाचून राहिला होता. बिचाऱ्यानं टोपी तेवढी बदलवली."

त्यानंतर त्या प्रसंगाला मला एकदाही रडू आलेलं नाही.

हटवार सरांची अवस्था याहून वाईट. एका नव्या सिनेमातलं धानाच्या बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, गाणं त्यांना फार आवडलं होतं. हिरवागार चिखल, वर ढग, बारा बाया वाकून रोपं लावताहेत, रोवणी करताहेत. त्यांनी ते मोबाइलवर लावून दाखवलं. कापगते सरांनी नाक मोबाइलला लावून पाहिलं आणि एकदम ओरडले, "अरे गा, ह्या बाया पुढं जाऊन राहिल्या!"

"मग?"

"मग काय? रोवणी करताना बाई मागं सरकते. पुढं गेली का आपलंच लावलेलं धान तुडवते. अकरा बायांनी सारी बांधी मातीत घातली!"

"अकरा? बारा आहेत ना, सर?"

"चौथी पाहा. थे एकटीच मागं सरकून राहिली." सरांचा आवाज मऊ झाला. "थे आपल्या इकडची असन."

एवढं बारीक पाहणाऱ्या माणसाला मी एकदा विचारलं होतं, की यात मिळतं काय? ते म्हणाले, "हिरो खोटा असला तरी चालते, मॅडम. मागचा माणूस खोटा नाई चालत. थो कोणाच्या तरी घरचा असते."

हे तेव्हा मला नुसतं चांगलं वाक्य वाटलं.

मग एका शनिवारी लढाईच्या एका मोठ्या सिनेमावर बोलणं निघालं. सर आदल्या दिवशी तो पाहून आले होते आणि नाराज होते. "लाखभर सैनिक हायेत, पण मागचे सारे एकाच वेळी तोच पाय टाकत धावून राहिले. एकाचाही चेहरा सापडला नाई मले."

हटवार सर हसले. "कसा सापडेल सर? ते माणसंच नाहीत. कॉम्प्युटरवर बनवलेत."

"सारे?"

"पुढचे वीस-पंचवीस खरे असतील."

"आन् मागचे?"

"मागे कोणीच नाही जी."

कापगते सरांनी बशी खाली ठेवली. खडूचा डबा उचलून वर्गावर निघून गेले. शाळा सुटून अर्धा तास झाला होता.

पुढचे तीन शनिवार ते बसले नाहीत. "पेपर तपासाचे हायेत," म्हणाले. दिवस जुलैचे. कसले पेपर? हटवार सरांच्या जिवाला ते लागलं. "माझं काही चुकलं का, मॅडम?" असं त्यांनी मला दहादा विचारलं. शेवटी चौथ्या शनिवारी आम्ही दोघं सरांच्या घरीच जाऊन थडकलो.

सरांच्या पत्नी शकुंतलाबाई अकरा वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी पुण्याला असते. हे आम्हाला ठाऊक होतं, पण घर मी पहिल्यांदाच पाहत होते. ओसरीत एकच खुर्ची. ती सरांनी मला दिली, हटवार सरांना पाट दिला आणि स्वतः दाराला टेकून उभे राहिले. चहा मात्र त्यांनी दहा माणसांचा मांडला. "कमीचा अंदाजच नाई येत मले," म्हणाले. गणिताचे शिक्षक!

चहा पिता पिता त्यांनी अगदी हळू विचारलं, "हटवार, जुन्या पिक्चरमधले तर खरे होते ना गा? मागचे?"

"हो सर. तेव्हा कॉम्प्युटर कुठे होता?"

सरांनी मोठा श्वास सोडला आणि मग सांगितलं.

लग्नाला दोन महिने झाले होते. सर तेव्हा अड्याळला राहायचे. तिथल्या बाजारात कुठल्याशा हिंदी सिनेमाचं शूटिंग आलं. गर्दी हवी होती, म्हणून हे दोघंही जाऊन उभे राहिले. पुढे सिनेमा भंडाऱ्याला लागला, तेव्हा दोघं एसटीने पाहायला गेले. "माहा कोपर दिसला फक्त. थे पुरी दिसली. आठ दिवस चिडवत होती मले." सिनेमा आठवड्यात पडला. नंतर तो कुठे लागला नाही, कोणाला आठवतही नाही. "तवापासून मले हिरो दिसतच नाई जी. मागच्यातच कोणी ना कोणी आपलं असन, असं वाटते."

हटवार सरांनी सिनेमाचं नाव विचारून घेतलं.

नऊ दिवस ते मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. कोणीतरी जुन्या कॅसेटवरून उतरवून इंटरनेटवर टाकलेला तो सिनेमा त्यांना शेवटी सापडला. रंग उडालेला, आवाज फाटका. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही संगणकखोलीत खिडक्या लावून घेतल्या आणि भिंतीवर तो लावला. सर पहिल्या बाकावर बसले. शर्ट कडक इस्त्रीचा होता.

सिनेमा भिकार होता. तासाभराने बाजार आला. गुंड पुढे, हिरो मागे. ठेले उलटताहेत, माणसं किंचाळत पळताहेत. एका बाईची टोपली उडाली आणि वांगी रस्ताभर झाली. सगळे पळाले. एक मुलगी तेवढी पळाली नाही. पदर खोचून ती खाली वाकली आणि दुसऱ्याची वांगी भराभर वेचू लागली.

"हेच!" सर उठले.

हटवार सरांनी चित्र थांबवलं.

सर भिंतीशी गेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाकलेल्या त्या मुलीसमोर ते बराच वेळ उभे होते. त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर तिच्या हिरव्या लुगड्याचा रंग पडला होता.

"इतकी लहान होती?" ते म्हणाले. आम्हाला विचारलं, की तिला, कळलं नाही. "माह्या ध्यानात तर आजारातलीच रायली जी. हे तर माह्या पोरीहून लहान हाये."

हटवार सरांनी माउसवर बोट ठेवलं. "सर, पुन्हा मागून लावू?"

"नाई. पुढं जाऊ दे." सरांनी भिंतीवरून नजर काढली नाही. "कवाची वाकून हाये थे. उभी होऊ दे तिले."

चित्र पुढे सरकलं. मुलगी सरळ झाली, मनगटानं कपाळ पुसलं, आणि तेवढ्यात हिरो धावत मध्ये आला.