निळ्या कागदावरच्या कुरडया

मुलांना अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात मिरजगावच्या पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नाही! हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

शेजारची दोन पोरं, समर्थ आणि संस्कृती, संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येतात. एकदा संस्कृतीनं विचारलं, "गुरुजी, प्लास्टिक सडतं का?" अशा प्रश्नाला मी नुसतं तोंडी उत्तर देतो होय? दिवाळीतच कांद्यावर झाकायचा एक निळा प्लास्टिकचा कागद आम्ही गच्चीवर अंथरला आणि कडेनं दगड ठेवले. चैत्रापर्यंत त्याची म्हाताऱ्याची कातडी झाली. बोट लावलं की टवके निघायचे.

"बघा," मी म्हणालो, "हे सडत नाही. नुसतं बारीक होतं. मग आणखी बारीक, डोळ्यांना दिसेनासं. पण जात कुठंच नाही."

एवढं छान शिकवलं; फक्त घरात सांगायचं राहिलं!

नुकताच फाल्गुनात शेजारचा बन्सी गेला होता. माझा जुना सोबती. दुःखाच्या घरात वर्षभर कुरडया-पापड करत नाहीत; शेजारपाजारचे करून देतात. त्याची लेक दिपाली बाप गेल्यापासून माहेरीच होती, आता सासरी निघायची होती. बन्सीची बायको छबूबाई आमच्या हिला एवढंच म्हणाली, "पोरगी रिकाम्या हातानं गेली, तर तिला वाटंल बापासंगं म्हायेर बी गेलं."

ही लगेच कामाला लागली. गहू भिजवले, चीक काढला, शिजवला आणि सोऱ्या घेऊन गच्चीवर गेली. तिथं कागद अंथरलेला! वर दगडही ठेवलेले! आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यानं न सांगता घरातलं काम केलं, असं समजून तिनं सगळ्या कुरडया त्यावर घातल्या. मी खाली घोरत होतो.

दुसऱ्या दिवशी कुरडया उलटायला आम्ही सगळे वर गेलो. पहिलीच कुरडई सुटली ती निळी पाठ घेऊन!

"गुरुजी, झाला!" समर्थ ओरडला.

"काय झाला?" हिनं विचारलं.

"प्रयोग!" मी टाळी वाजवायला गेलो. मग हिचं तोंड बघितलं आणि टाळी अर्ध्यातच सोडून दिली.

"अवो, छबूच्या कुरडया हायेत त्या!"

"घाबरू नकोस. प्लास्टिक मिठाच्या पाण्यात तरंगतं. शास्त्रज्ञ मातीतून ते असंच वेगळं काढतात."

"कुरडया पान्यात घालता?"

"जरा वेळच!"

अर्धवट वाळलेल्या कुरडयांना तेवढा वेळ पुरला. टपात खळ झाली! निवडणुकीची पत्रकं चिकटवायची खळ! थोडे निळे टवके वर तरंगले, बाकीचे खळीनं पोटात घेतले.

"शेळीला घालू का?" ही टप ओढत म्हणाली.

"नको, तिच्या पोटात जाईल."

"वड्याला वतू?"

"पाण्यात जाईल."

"मग रानात?"

"मातीत राहील."

"जाळू?"

"हवेत जाईल गं."

"मग घालू कुटं? तुमच्या डोक्यात?"

तो टप अजून गच्चीच्या कोपऱ्यात आहे.

शेवटी हिनं आमच्या घरच्या कुरडयांचा वर्षाचा डबाच उचलून छबूबाईला दिला. दिपाली तो पोटाशी धरून सासरी गेली. माझ्या जिवात जीव आला.

अक्षय तृतीयेला मेहुणा मच्छिंद्र जेवायला आला. ताटात आमरस होता, कुरडई नव्हती. त्याचा घास हातातच थांबला.

"दाजी, कोन गेलं? आमाला कळवलं बी न्हाई?"

"कोणी नाही रे!"

"मग आक्काचं तोंड असं का?"

कुरडई नाही म्हणजे मयत! त्यानं फोन फिरवले. संध्याकाळी सगळी सासुरवाडी कुरडयांच्या पिशव्या घेऊन ओसरीवर माना खाली घालून बसली. कोण गेलं, हे विचारायची हिंमत कुणाला होईना. गर्दी बघून छबूबाईही आली आणि तिचा बांध फुटला. मग काय! ज्यांनी बन्सीला कधी पाहिलंही नव्हतं, ते जास्त रडले. मीही रडून घेतलं.

सगळे गेल्यावर मी एक कुरडई दिव्यापुढं उलटी धरली. पाठीवर हिरवा ठिपका. दुसऱ्या पिशवीतली काढली, पांढरा. तिसरीतली, निळा.

"दिपालीनं नेल्या त्या कशावर वाळवल्या होत्या गं?"

"कशावर म्हंजे? कांद्यावरच्या दुसऱ्या कागदावर. सगळं गाव कागदावरच वाळवतंय की! आजवर कुनी उलटून बघितलं न्हाई, एवढंच."

सकाळी दिपालीचा फोन आला. "काका, कुरडया लई झाक फुलल्या! सासूबाई म्हनत्यात, म्हायेरची चव लपत न्हाई."

मी "खा, बाळा" म्हणालो आणि फोन हिच्या हातात दिला.