नामशेष मुशीचा पडताळणी दाखला

सहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झालेली खोल समुद्रातली एक मुशी, म्हणजे शार्क, सोमवारी साडेदहा वाजता बंदरावरच्या प्रजाती पडताळणी समितीसमोर हजर झाली. तिला टोकन नंबर सात मिळाला.

अर्ज सुगंधा तांडेलने भरून दिला होता. समितीच्या दारात टेबल टाकून ती लोकांचे अर्ज लिहायची. प्राणिशास्त्राची पदवी तिने शेवटच्या वर्षी सोडली. याच मुशीबद्दलच्या प्रश्नाला तिने ‘खोल पाण्यात अजून असेलही’ असं उत्तर लिहिलं होतं आणि तिला शून्य मिळालं होतं. शून्य देणारे डॉ. दिगंबर पोंक्षे आता समितीचे अध्यक्ष होते. असली माणसं निवृत्त होत नाहीत, नुसती खुर्ची बदलतात.

मुशीला अकरा पिल्लं होती, धक्क्याखालच्या पाण्यात थांबलेली. आज दाखला मिळाला नाही, तर मायलेकरं ‘इतर मासळी’ या वर्गात जाणार होती, आणि इतर मासळीचा लिलाव उद्या सकाळी जेटीवर होता.

मुशी ओल्या गोणपाटावर सावरून बसली. पोंक्षेंनी वर न बघता विचारलं, “पूर्वजांचा पुरावा?”

सुगंधाने दगडात रुतलेला एक दात टेबलावर ठेवला.

“नुसता दात? हाडं कुठायत?”

“मुशीला हाडं नसतात, सर. कूर्चा असते, ती कुजून जाते. मागे राहतात ते दात.”

“मला शिकवू नकोस. नापास झालेली आहेस तू.”

“नापास नाही झाले. उठून गेले.”

पोंक्षेंनी मुशीला आ करायला लावलं आणि भिंगातून तिचे दात टेबलावरच्या दाताशी ताडून पाहिले. कडेला करवतीसारखे सोळा दाते, मुळाला दोन फाटे. तंतोतंत.

“जुळतंय,” ते म्हणाले. “म्हणूनच अर्ज फेटाळावा लागेल.”

“हे काय आता?”

“ही प्रजाती मी शोधली. ती नामशेष आहे हेही मीच सिद्ध केलं. चाळीस वर्षं पोरं ते पाठ करतायत. या प्रजातीत मोडायला आधी नामशेष असावं लागतं. बाई तर समोर बसल्यायत. तेव्हा बाई ‘इतर’.”

“साहेब, पदरात पोरं आहेत हो,” मुशी म्हणाली.

“आमच्या वेळी आम्हीही कमी सोसलं नाही.”

“तुमच्या वेळी तुम्हाला कुणी पाटीत घालून लिलावाला नेलं होतं का?” सुगंधाने विचारलं. मग तिने नियमांचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. “नियम चौदा. नामशेष अर्जदाराने तसं प्रतिज्ञापत्र दिलं, की दाखला देता येतो. पिल्लांना वारस म्हणून.”

“तो मीच केलाय,” पोंक्षे खुलले. संग्रहालयातल्या दगडांना दाखले द्यायची अडचण होती, तेव्हाचा तो नियम होता. शिवाय मुशी नामशेष म्हणणारं त्यांचं पाठ्यपुस्तक शाबूत राहत होतं.

घाग शिपायाने स्टॅम्पपेपर आणला. मजकूर पोंक्षेंनी स्वतः सांगितला. “मी सहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले असून त्यानंतर माझ्याकडून कोणतीही हालचाल झालेली नाही व यापुढेही होणार नाही.”

मुशीने शाईत पर बुडवून ठसा उमटवला. पोंक्षेंनी बारा दाखल्यांवर शिक्के मारले.

“मावशी, झालं तुमचं काम,” सुगंधा म्हणाली. “आता तुम्ही काहीही केलंत तरी कागदावर ते झालेलं नसणार.”

“काहीही?”

“काहीही.”

मुशीने नीट विचार केला. मग तिने डॉ. पोंक्षेंना चष्म्यासकट खाल्लं, दाखले तोंडात धरले आणि धक्क्यावरून पिल्लांकडे उडी घेतली.

हवालदार आले. त्यांनी प्रतिज्ञापत्राची प्रत दोनदा वाचली. “आरोपी सहा कोटी वर्षांपूर्वीच गेलीय म्हणता. मग गुन्हा कुणावर दाखल करू?” ते म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

अध्यक्षांच्या खुर्चीत मुशीचा एक दात अडकलेला निघाला. घागने तो धुऊन पुसला आणि पद्धतीप्रमाणे जीवाश्मांच्या नोंदवहीत चढवला. काळाच्या रकान्यापाशी तो थबकला.

“काय लिहू गं?”

“सहा कोटी वर्षं,” सुगंधा म्हणाली.

घागने तसं लिहिलं, शाई वाळू दिली आणि टोकन नंबर आठ पुकारलं.