गोरीच्या खानदानाची चौकशी

हेडक्लार्क त्या दिवशी पशुवैद्यांकडून औषध घेऊन सरळ घरी आले असते, तर पुढची शोभा टळली असती. पण ते गप्पा मारत बसले आणि ऐकून आले, की शेळीच्या दुधातलं फॅट बरंचसं रक्तातून येतं. आईकडून येतं तसंच बापाकडूनही. झालं! आई, बायको आणि कन्या यांना समोर बसवून त्यांनी जाहीर केलं, "दोन शेळ्यांपैकी जिचं फॅट कमी, ती विकायची. करडासकट!"

एक शेळी त्यांनी स्वतः पारखून आणलेली (म्हणजे विकणारा बोलला ते सगळं खरं मानून आणलेली). दुसरी गोरी, सासऱ्यांनी दिलेली.

"आणि गोरी निघाली तर?" बायकोने विचारलं.

"विज्ञानाला नातीगोती नसतात."

"मग मीही जाते तिच्यामागे," ती म्हणाली आणि खरंच डोळे पुसू लागली.

पक्षपात नको म्हणून ठरलं, की हेडक्लार्कांची शेळी बायकोने पिळायची आणि गोरी हेडक्लार्कांनी. जन्मात लिंबाखेरीज काही न पिळलेला माणूस! थोड्याच वेळात बोटं आखडली. धार जरा बारीक झाली तसे ते "संपलं!" म्हणून उठले. गोरीने मान वळवून पाहिलं, पण तिला कोण विचारतो?

डेअरीत दोन्ही नमुने तपासले. गोरीचं दूध अगदीच पाणचट निघालं. हेडक्लार्कांनी आनंदाच्या भरात सासऱ्यांना फोन लावला.

"मामा, गोरीच्या बापाची आई कशी होती हो? खानदानातच काही खोट?"

पलीकडून आवाज आला, "जावईबापू, मी येतो."

सासरे दुसऱ्या सकाळी आले ते चहालाही न थांबता गोरीपाशी बसले. धार बारीक झाली, तरी कास चोळून पिळतच राहिले.

"मामा, संपलं ना?"

"आत्ता कुठे दाट दूध उतरतंय. सगळं फॅट या शेवटच्या धारांत. तुम्ही कधी उठला होता?"

हेडक्लार्कांनी एकदम छताकडे पाहिलं.

डेअरीत पुन्हा तपासलं, तेव्हा गोरी या खेपेला सरस ठरली. बायको लहान मुलीसारखी हसली, गोरीच्या गळ्यात पडली. "रक्ताचं म्हणता ते खरंच आहे," सासरे मायेने म्हणाले. "हिची आई अशीच होती, हिच्या बापाची आईसुद्धा."

"रक्ताचंच सगळं," भाजी निवडता निवडता हेडक्लार्कांची आई म्हणाली. "याचे वडीलही धार अर्ध्यावर सोडून उठायचे, आणि वर शेळीलाच नावं ठेवायचे."

सगळे पोट धरून हसले. हेडक्लार्कही हसले, गोरी राहिली याचं त्यांनाही बरंच वाटत होतं. तेवढ्यात आतून कन्येची आरोळी आली, "आई, केर काढून झाला गं!"

सगळ्यांनी आत डोकावलं. अर्धी खोली लख्ख होती. उरलेल्या अर्ध्या खोलीच्या सीमेवर झाडू आडवा पडला होता आणि कन्या केव्हाच खेळायला पसार झाली होती.

सासऱ्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बापाकडूनही येतं म्हणालात ना, जावईबापू?"